बाटलीत ठेवलेल्या दोन गोळ्या

माझी मावशी व्हर्ली स्टिडम आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही तिला धड जमलं नाही. बाकी सगळं जमायचं. आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी जी शाळा आहे, तिच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला. केंटकीच्या या डोंगरांत आज जो कोणी चाळिशीच्या आसपास आहे, त्याने तिच्या हातचा घेवडा आणि मक्याचा ब्रेड खाल्लेला आहे, आणि पानात टाकला असेल तर तिची बोलणीही खाल्लेली आहेत. घरी ज्यांच्या पोटात काही पडत नाही अशी पोरं तिला तोंडावरून कळायची. त्यांना ती दुसऱ्यांदा वाढायची आणि वर दम द्यायची, म्हणजे आपल्यावर कुणी दया केली असं पोरांना वाटायला नको.

त्या शाळेच्या सिमेंटच्या जमिनीने तिचे गुडघे खाल्ले. उजवा तर पार गेला होता, चालताना करकरायचा. मी तिला चिडवायचे, "मावशी, तू यायला निघालीस की ओढ्यापलीकडून ऐकू येतं." ती म्हणायची, "बरंच आहे की. घर आवरायला तुला तेवढाच वेळ मिळतो." गुडघा बदलून घे म्हणून मी वर्षानुवर्षं तिच्या मागे लागले होते. ती कानावर घेत नव्हती. मग एका जूनमध्ये ती स्वतःच म्हणाली, "नेव्हा, मला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन चल." कारण काय, तर पाय धुणं.

आमची मंडळी जुन्या वळणाची. चर्चमध्ये बाजा नाही, पेटी नाही. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती ओढत न्यायची. वर्षातून एकदा, जूनमध्ये, प्रभूची भाकर मोडून झाली की आम्ही एकमेकांचे पाय धुतो. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. कमरेला टॉवेल बांधायचा, परातीत पाणी घ्यायचं, समोरच्या बाईपुढे गुडघे टेकायचे, तिचे पाय धुवायचे आणि त्याच टॉवेलने पुसायचे. मग ती तो टॉवेल आपल्या कमरेला बांधते आणि तुमच्यापुढे गुडघे टेकते. वर्षभरात मनात जे काही साठलं असेल ते त्या परातीत सोडून द्यायचं. तिथे मी मोठमोठ्या भांडकुदळ बायकांना लहान मुलींसारखं रडताना पाहिलंय.

मावशीची जोडी ठरलेली, ओझेला बेंटली. शाळेत एका बाकावर बसायच्या तेव्हापासूनच्या मैत्रिणी. लग्नं झाली, मुलं झाली, नवरे खाणीत गेले, एक परत आला नाही, पण दर जूनला या दोघी एकमेकींचे पाय धुवायच्या. त्या वर्षी मावशीला खाली बसताच आलं नाही. तिच्याऐवजी मी ओझेलाचे पाय धुतले. मावशी बाकावर बसून बघत होती. घरी जाताना गाडीत म्हणाली, "दुसऱ्याच्या हाताने पाय धुणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं." आणि ऑपरेशनला तयार झाली. डॉक्टरने विचारलं, गुडघा बदलून काय करायचंय तुम्हाला? बाकीचे लोक मासेमारी म्हणतात, नातवंडं म्हणतात. ही म्हणाली, "मला गुडघे टेकायचेत." देवभोळी बाई आहे असं समजून तो हसला.

इथे ओझेलाबद्दल सांगायलाच हवं. तिचा एकुलता एक मुलगा डेन्व्हर गोळ्यांनी गेला. आमच्याकडे त्या काळात दुखण्यावरच्या गोळ्या मुठीमुठीने मिळायच्या. हायवेवर एक दवाखाना होता, त्याच्या दारापासून गाड्यांची रांग पेट्रोल पंपापर्यंत लागायची, आणि आत डॉक्टर मान वर न करता लिहून द्यायचा. त्या गोळ्यांनी आमच्या खोऱ्यातलं एक घर सोडलं नाही. डेन्व्हर गेला त्यानंतर ओझेला राजधानीला गेली, कायदा करा म्हणून. एकटी नाही, व्हर्लीमावशीला घेऊन. दोघी विधानभवनाच्या संगमरवरी जिन्याशी डेन्व्हरचा शाळेतला फोटो छातीशी धरून दिवसभर उभ्या राहिल्या. त्यांच्यासारख्या पुष्कळ आया होत्या. पुढे कायदा झाला. गोळ्या मोजून मिळायला लागल्या, कोणी कुठून किती घेतल्या ते सगळं कॉम्प्युटरवर दिसायला लागलं. त्या कायद्याला मी नावं ठेवणार नाही. मी फार मयतींना जेवणं रांधलीत.

पण त्याच कायद्याने ओझेलाच्या नवऱ्याची पाठ मोडली. म्हणजे पाठ आधीच मोडलेली होती, खाणीचं छत अंगावर पडून. होबर्ट कित्येक वर्षं ठरावीक गोळी घ्यायचा, कधी एक जास्त नाही, आणि त्या गोळीवर माणसासारखा टेबलाशी बसून जेवायचा. कायदा आल्यावर त्याचा म्हातारा डॉक्टर घाबरला आणि दुकान बंद करून फ्लोरिडाला गेला. बाकीच्यांनी होबर्टला दारात उभं केलं नाही. असल्या जुन्या रोग्याच्या गोळ्या तोडा असं कायद्यात कुठेही नव्हतं म्हणे. नसेल. पण घाबरलेल्या डॉक्टरला कायद्यात काय लिहिलंय याच्याशी काय करायचंय? होबर्ट तेव्हापासून जमिनीवर झोपायला लागला. रस्त्यावरून जाताना त्याचं कण्हणं ऐकू यायचं, आणि आम्ही सगळे गाडीच्या काचा वर करायचो.

मावशीचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. चांगलं झालं. नवा गुडघा घेऊन ती घरी आली, बरोबर गोळ्यांची बाटली आणि एक छोटी कुलपाची पेटी. ती पेटी आता औषधांच्या दुकानातूनच देतात, गोळ्या त्यात ठेवायच्या म्हणून. मावशीने त्यात बटणं ठेवली आणि गोळ्यांची बाटली मोरीवरच्या खिडकीत, मिठाशेजारी. मी डोकं आपटून घेतलं. ती म्हणाली, "माझ्याकडे माणसं जेवणाची भांडी घेऊन येणार, आणि मी त्यांच्या तोंडासमोर औषधाला कुलूप लावू? लाज आहे की नाही काही?"

दुसरा वाद झाला तो प्रार्थनेवरून. रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं वाचतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. हल्ली आमच्याकडे माणसं लफडं लपवणार नाहीत इतकं ऑपरेशन लपवतात, कारण नाव वाचलं गेलं की कुणाच्या घरात गोळ्या आल्यात ते सगळ्या खोऱ्याला कळतं. मी तिला हात जोडून सांगितलं, मावशी, यंदा नाव देऊ नकोस, देव आहे, त्याला आपोआप कळेल. ती म्हणाली, "प्रार्थना मागायची नाही तर चर्चला जायचं कशाला, बाक गरम करायला?" नाव वाचलं गेलं. मोठ्याने, नीट, कुठला गुडघा तेही सांगून.

व्यायाम करून घ्यायला एक थेरपीवाली घरी यायची. हसरी, दांडगी बाई. तिने पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं होतं. आत्ताचे हे आठवडे महत्त्वाचे. दुखलं तरी गुडघा रोज वाकवायचा, कारण आत्ता नाही वाकवला तर आत मांस जखडून बसतं, आणि मग तो आयुष्यात वाकत नाही. म्हणून व्यायामाच्या आधी गोळी घ्यायची, ती लागू पडेपर्यंत थांबायचं, आणि मग ओढायचं. मावशी घामाघूम व्हायची, पण रोज थोडा थोडा वाकत होता. थेरपीवाली गेली की ती मला गुडघा दाखवायची, लहान मूल पडलेला दात दाखवतं तसा. "जूनपर्यंत टेकते बघ," म्हणायची.

माणसं येत होती, जात होती. ओझेलाही आली, कोंबडीच्या रश्श्यातले पिठाचे गोळे घेऊन. दुपारभर बसली. मावशीचे केस विंचरले, वेणी घातली, भांडी घासली, ओटा पुसला, जाताना केरही काढला. दुसऱ्या दिवशी व्यायामाआधी मी बाटली उघडली तर आत दोनच गोळ्या. आदल्या दिवशी, ओझेला आली तेव्हा, मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, पण त्याआधी बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी विचारलं, कोण कोण आलं होतं? म्हणाली, सगळेच. मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून गोळ्या नेल्या का? तिने हात पुढे केला. मी त्या दोन गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"चोर दोन ठेवत नाही गं, नेव्हा," ती म्हणाली. "एक आत्ता व्यायामाच्या आधीची आणि एक उद्याची. मी केव्हा घेते ते जिला माहीत आहे, तिने ठेवल्यात."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच्या मागोमाग संताप आला. मी फोन उचलला. ती म्हणाली, खाली ठेव. मी म्हटलं, ठेवणार नाही, मी त्या बाईला जाऊन विचारते, ती देवाच्या दारात तुझ्यासमोर बसते आणि तुझ्या खिडकीतून चोरते. मावशीने एवढंच सांगितलं, की डेन्व्हर गेला त्या दिवशी ओझेलाच्या दारात शेरिफची गाडी उभी होती. पुन्हा तशी गाडी उभी राहिली तर ओझेला सरळ वर टेकडीवर डेन्व्हरशेजारी जाऊन पडेल. आणि मी तिथे जाऊन आवाज चढवला तर बायकोने आपल्यासाठी काय केलं ते होबर्टच्या कानावर जाईल. मी फोन ठेवला.

मग शहरातल्या दवाखान्याला फोन. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या गोळ्या पुन्हा देत नाही. पोलिसांत तक्रार द्या, त्याचा कागद आणा, मग डॉक्टर विचार करतील. तक्रार द्यायची म्हणजे घरात कोण आलं ते सांगायचं. मावशी म्हणाली, "मी कुणाचंही नाव सांगणार नाही." मी तिच्यापुढे हात टेकले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नकोत. साध्या गोळ्या, बर्फ, गरम पाणी, सगळं करून बघितलं. ती तोंडात टॉवेलचा बोळा धरायची आणि थेरपीवालीला म्हणायची, ओढ. थेरपीवाली ओढायची, मावशीच्या डोळ्यांची बुबुळं वर जायची, आणि थेरपीवाली हात सोडून खिडकीशी जाऊन उभी राहायची. जेवढा वाकला होता तेवढाही राहीना. ज्या बाईने उकळत्या तेलाने भाजलेल्या हाताने मुलांना वाढलं होतं, ती बाई थेरपीवालीची गाडी वाजली की थरथरायला लागली. शेवटी एक दिवस ती मला म्हणाली, दार लावून घे, तिला परत पाठव.

त्याच आठवड्यात मी ओझेलाच्या घरावरून जात होते. होबर्ट ओसरीवर खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, हातात चाकू, एक लाकडाचा तुकडा तासत होता. त्याने मला हात केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी मावशीला सांगितलं, बघ, तुझ्या गुडघ्यावर तिकडे कोण मजेत बसलंय.

तिने विचारलं, "बसला होता? खुर्चीत?"

"हो. ताठ."

"मग असू दे," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. आठवड्याभराने मी पुन्हा त्याच रस्त्याने गेले तर खुर्ची रिकामी होती आणि आतून तेच कण्हणं. संपल्या होत्या. म्हणजे इकडे गुडघाही गेला आणि तिकडे पाठही तशीच राहिली.

ओझेला काही पुन्हा आली नाही. मावशी वाट बघायची. दारात गाडी वाजली की मान वळवायची.

मग तपासणीसाठी शहरात जायची वेळ आली. गाडीत मी तिला पढवलं, की निदान चोरी झाली एवढं तरी सांग, नाव नको सांगूस.  दवाखान्यात डॉक्टरची मदतनीस होती, तरुण, स्वभावाने वाईट नव्हती. गुडघा बघून तिचं तोंड उतरलं. एवढाच वाकतो? गोळ्या घेऊन व्यायाम नाही केलात? गोळ्या कुठे आहेत? आणि माझ्या मावशीने, चोरी म्हटलं की पोलीस येणार या भीतीने, सरळ तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "खाल्ल्या. सगळ्या मीच खाल्ल्या. दुखत होतं, खाल्ल्या."

मी तोंड उघडलं, पण मावशीने माझं मनगट असं धरलं की हाडापर्यंत कळ गेली. मदतनीस हळूच म्हणाली, नियमाप्रमाणे लघवी तपासावी लागेल. तपासली. आम्ही तासभर बसून राहिलो. ती परत आली तेव्हा आधीसारखी बोलत नव्हती, खुर्चीत बसलीसुद्धा नाही. म्हणाली, तुमच्या सांगण्यात आणि तपासणीत मेळ बसत नाही, तुमच्या अंगात त्या गोळीचा मागमूस नाही. तसं आम्हाला नोंदवावं लागेल. यापुढे आम्ही त्या जातीचं औषध तुम्हाला देऊ शकणार नाही, आणि दुसरं कुणी देईल असं वाटत नाही.

मावशीला कळलं नाही. गाडीत बसल्यावर तिने मला विचारलं, ती असं का बोलली? मी आडवळणाने सांगायचा प्रयत्न केला, पण ते काही आडवळणाने सांगता येत नाही. मी म्हटलं, "मावशी, त्यांना वाटतंय तू त्या विकल्यास."

 डोंगर लागले तेव्हा ती म्हणाली, "शाळेतून मी कधी दुधाचं एक खोकं घरी आणलं नाही."  मला गाडी बाजूला घ्यावी लागली, समोरचं दिसेना.

मे महिन्यात मोठ्या डॉक्टरने एक उपाय सुचवला. भूल द्यायची आणि जोर लावून गुडघा वाकवायचा. आतलं जखडलेलं सुटतं, मात्र लगेच पुन्हा व्यायाम, पुन्हा तेच दुखणं. मावशीने विचारलं, त्याच्यावर काय देणार? त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि म्हणाला, साध्या गोळ्या देता येतील. ती म्हणाली, "आभारी आहे, डॉक्टरसाहेब," आणि काठी शोधायला लागली.

जून आला. आदल्या दिवशीच्या सभेत पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का, असेल तर आत्ता उभं राहून बोला. मी मावशीकडे बघितलं. ती समोर बघत होती. रविवारी ओझेला आली. मार्चनंतर पहिल्यांदाच. अंगावरचं मांस गेलं होतं. होबर्टला तिने पुरुषांच्या बाजूला, गोधडीची घडी टाकून बसवलं, आणि परात भरून घेऊन थेट आमच्या बाकाशी आली. मावशीचा उजवा पाय तिच्यापुढे फळीसारखा सरळ.

ओझेलाने गुडघे टेकले. मावशीचे मोजे काढले. तेव्हा तिला तो व्रण दिसला आणि वरचा न वाकणारा गुडघा दिसला. ती धुवायला लागली. आजूबाजूला गाणं ओढत चाललं होतं, बायका रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मी शेजारीच बसले होते म्हणून मला ऐकू आलं.

"मी नेल्या, व्हर्ली."

"माहीत आहे."

"दोन ठेवल्या होत्या."

"मिळाल्या," मावशी म्हणाली.

ओझेलाने पाय पुसले, कमरेचा टॉवेल सोडून मावशीच्या हातात दिला आणि बाकावर बसून आपले बूट-मोजे काढले. मावशीने टॉवेल बांधला. माझ्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली आणि खाली जायला लागली. डावा गुडघा म्हातारा, एकट्याने तिचं ओझं झेपेना. उजवा वाकेना. ती कलली, मी आणि दुसऱ्या एकीने तिला बगलेत धरलं. ती म्हणाली, सोडा. पुन्हा गेली. या वेळी बाकाच्या कडेवर आदळली. ओठ पांढरे पडले होते, पण ती तिसऱ्यांदा जायला निघाली, तेव्हा मीच तिला धरून बसवलं. गेल्या वर्षीसारखं मी तिच्या कमरेचा टॉवेल सोडायला लागले तर ओझेलाने पाय बाकाखाली ओढून घेतले.

"तू नको, नेव्हा," ती म्हणाली. "राग नको मानूस. पण तुझं मी काही नेलेलं नाही."

मावशीने बसल्या जागेवरून हात पुढे केला. "इकडे दे. पाय वर घे, माझ्या मांडीवर ठेव. मी इथूनच धुते."

ओझेलाने मान हलवली. ती रडत नव्हती, तेच मला बघवेना. "मी नेल्या नसत्या तर तू खाली आली असतीस, व्हर्ली," ती म्हणाली. मग कोरड्या पायांवर तिने मोजे चढवले, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि होबर्टला उठवायला गेली. मावशीचा हात बराच वेळ तसाच पुढे होता. गाणं संपलं, माणसं बाहेर पडायला लागली, तेव्हा मी परात उचलली आणि पाणी बाहेर गवतावर ओतून आले.